आठ महिन्यांच्या मांजरीने घराची नासधूस चालवली आहे, घरचे म्हणतात सोडून या. काय करावं?

उत्तर लिहिणार नव्हते, पण "घरचे म्हणतात सोडून या" हे वाचलं आणि राहवलं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सोफ्याचे दोन्ही हात फाटलेत, पडद्यांवर चढणं चालू आहे, पहाटे ओट्यावरची भांडी पडतात, फटके दिले तरी फरक नाही आणि सासरची मंडळी आता वैतागली आहेत. शिवाय, दुसरं पिल्लू आणलं तर ही शांत होईल का?

आधी फटके बंद करा. मार खाऊन मांजर एवढंच शिकते की तुम्ही समोर असताना सोफ्याला नख लावायचं नाही. तुम्ही आंघोळीला गेलात की सोफा तिचाच. वर तुमचा हात दिसला की ती पळणार किंवा बोचकारणार, ते वेगळंच. आठ महिने म्हणजे ऐन वांडपणाचं वय. साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत हे चालतं आणि मग बऱ्याच मांजरी आपोआप निवतात. तोवर तिला काम द्यावं लागतं.

काम म्हणजे काय ते सांगते, पण त्यासाठी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं एक वाक्य सांगायला हवं. "आमच्या वाड्यात पाच-पाच मांजरं असायची, कधी एक वाटी फोडली नाही." हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. वाडा जुन्या नाशकात, आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये. वाड्यात धान्याची खोली होती, तिथे उंदीर होते. माळा होता, कौलं होती, शेजारच्या दोन वाड्यांच्या भिंती होत्या. मांजर रात्रभर ड्युटीवर असायची आणि दिवसा ओसरीवर झोपायची, वाटी फोडायला वेळच कुठे होता? आणि काही फाडलं नाही म्हणतात ना, त्या वाड्याचे सागवानी खांब खालून हातभर उंचीपर्यंत नीट बघा. नखांचे ओरखडे अजून आहेत. तेव्हा खांबाला कोणी सोफा म्हणत नव्हतं, म्हणून नासधूस झाली नाही.

त्याच जातीचा शिकारी प्राणी आपण टू-बीएचकेमध्ये कोंडतो, वाटीत आयतं खाणं टाकतो आणि मग म्हणतो मांजर बिघडली. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते, पण पहाट आणि संध्याकाळ ही तिची शिकारीची वेळ. तुमची भांडी पहाटेच का पडतात, तर म्हणून.

आता आमच्या ठकीचं ऐका. ती तेव्हा तुमच्या मांजरीएवढीच होती आणि घरी महालक्ष्म्या होत्या. सासूबाई गेल्यापासून महालक्ष्म्या आमच्याकडे उभ्या राहतात, कारण वाड्याची एक बाजू खचली आहे. पूजनाचा दिवस. पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, सवाष्णी यायच्या बेतात. ज्येष्ठेला सासूबाईंची येवल्याची पैठणी नेसवली होती (ही पैठणी कोणाकडे राहायला हवी होती याबद्दल दोन मतं आहेत, तो विषय आज नको). वर फुलोरा बांधला होता. करंज्या, साटोऱ्या, वेणी, फणी, सगळं दोऱ्याने टांगलेलं आणि पंख्याच्या वाऱ्यावर हलणारं. मांजराच्या डोक्याच्या वर हलती वस्तू टांगायची आणि तिने बघत बसावं अशी अपेक्षा करायची, हे होत नाही. म्हणूनच मी ठकीला सकाळपासून आतल्या खोलीत खाणं, पाणी, मातीचा ट्रे देऊन ठेवलं होतं आणि बाहेरून कडी घातली होती. ती कडी कोणी काढली हे मी लिहीत नाही. आत जी पर्स राहिली होती ती माझी नव्हती, एवढंच.

ठकी पाटाखालून आली, पैठणीच्या निऱ्यांवरून सरळ वर, ज्येष्ठेच्या खांद्यावर आणि तिथून फणीवर झेप. लोखंडी स्टँड कलला, पितळी मुखवटा धान्याच्या राशीवर पडला, म्हणून पोचा आला नाही. कनिष्ठा आणि बाळं जागच्या जागी. पदराजवळ चार धागे ओढले गेले, ते पुढे रफू करून आणले आणि आता मला स्वतःला शोधावे लागतात. पण त्या वेळी "अपशकुन, अपशकुन" असा जो गलका झाला, त्यात ठकीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ती दिवाणाखाली जाऊन बसली होती आणि तिच्या तोंडातून दोरा लोंबत होता. करंजी खाली पडली होती, दोरा मात्र आत गेला होता.

जाऊबाई वाकल्या आणि दोऱ्याचं टोक धरून ओढायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरलं. सवाष्णींच्या देखत. हे त्यांनी मला आजतागायत माफ केलेलं नाही.

का धरलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, कारण संक्रांतीला मांजा, एरवी लोकर, सुईदोरा, गिफ्टची रिबीन हे सगळं तुमच्याही घरात असणार. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेच्या बुडाशी किंवा पोटात अडकतं आणि उरलेला दोरा पुढे सरकतो. मग नाडी ओढल्यावर नेफा चुण्या होऊन गोळा होतो तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा आतून कापत जातो. बाहेरून ओढलं तर हेच झटक्यात होतं. तोंडातून असो वा मागून, लोंबणारा दोरा ओढायचा नाही, मांजर उचलायची आणि डॉक्टर गाठायचा.

मी तेच केलं. भाजीचा क्रेट, त्यावर दुसरा क्रेट उलटा, नाडीने बांधलं आणि नऊवारीतच रिक्षात बसले. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, दोऱ्याचा वेढा जिभेखाली बसला होता. त्यांनी तो कापला, पोट तपासलं, थोडा वेळ थांबवून घेतलं आणि उलट्या किंवा खाणं बंद झालं तर लगेच आणा म्हणून सांगितलं. पोटात गेलेला तुकडा नंतर ट्रेमध्ये मिळाला. मी घरी पोचले तेव्हा नैवेद्य दाखवून पंगत उठली होती.

तेव्हापासून बारसं असो की डोहाळजेवण, कोणाच्या तरी कानात हे वाक्य जातंच: "हिने महालक्ष्म्यांचं ताट टाकून मांजर उचललं." हो, उचललं. पुन्हा उचलेन. देवीला घाई नव्हती, ठकीला होती.

त्याच संध्याकाळी जाऊबाईंचा सल्ला आला की मांजर गंगेपलीकडे (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) पंचवटीत नेऊन सोड, पाणी ओलांडलं की तिला परतीची वाट सापडत नाही. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे मोबाइल बघितला. तुमच्या घरी हेच चाललंय म्हणून स्पष्ट लिहिते. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजरीला रस्ता माहीत नसतो, कुत्री माहीत नसतात आणि जिथे सोडाल तिथल्या बोक्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. "कुठेतरी पोट भरेल" हे सोडणाऱ्याच्या मनाचं समाधान आहे. शिवाय १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा ऐकून घरचे हसतील. हसू द्या, गुन्हा तो गुन्हाच.

बरं, सोफा. नखं घासणं ही खोड नाही, ते बंद होत नाही, फक्त जागा बदलता येते. वरचं जुनं टरफल निघावं, अंग ताणलं जावं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लागून जागा आपली व्हावी, यासाठी मांजर घासते. दुकानातले फूट-दीड फूट उंचीचे गुलाबी खांब घेऊ नका. मागच्या पायांवर उभी राहून ती पूर्ण ताणली गेली पाहिजे, म्हणजे तीन फूट तरी हवा, आणि हलता कामा नये. एकदा डुगडुगला की ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. सुताराकडून जाड फळी आणा, जड बुडावर ठोका, त्यावर जाड सुतळी किंवा काथ्या घट्ट गुंडाळा आणि टोकं मागच्या बाजूला खिळ्याने मारा (दोऱ्याचं आत्ताच सांगितलं). काही मांजरींना आडवं घासायला आवडतं, त्यांना जमिनीवर पुठ्ठा द्या. हे सगळं गॅलरीत नाही, त्याच सोफ्याच्या शेजारी ठेवायचं. सोफ्याच्या हातांवर काही आठवडे जाड गुळगुळीत प्लास्टिक घाला. नखांचं फक्त पारदर्शक टोक दोन-तीन आठवड्यांनी कापा, आतली गुलाबी शीर सोडून.

भांड्यांचं कारण वेगळं आहे. रात्री झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तिला पळवा, काठीला बांधलेलं पीस किंवा कापडाची चिंधी घेऊन, हाताने नाही. शेवटी पकडू द्या, मग लगेच जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम आहे. संध्याकाळी अजून एकदा. खेळ संपला की काठी कपाटात. कोरडं खाणं वाटीत ओतण्याऐवजी अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत टाका, एकेक दाणा पंजाने काढण्यात तिचा वेळ जातो. आणि पहाटे म्याव केलं म्हणून उठून खायला घालू नका. एकदा घातलंत की पहाटेची पंगत कायमची.

नसबंदीचं ऑपरेशन केलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. मादी चार-सहा महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि मग घरातलं निम्मं थैमान त्याचं असतं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" असं सांगणारं कोणीतरी तुमच्याकडेही असेलच. त्याने मांजरीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही, दोन महिन्यांनी घरात चार-पाच जीव मात्र येतात. ऑपरेशनने सोफा वाचेल असं मात्र समजू नका, नखं ती घासणारच.

दुसऱ्या पिल्लाचं म्हणाल, तर दोन लहान मांजरं एकमेकांशी कुस्ती करून दमतात हे खरं आहे. पण ज्या घरात एकीला सोडायची भाषा चालू आहे तिथे दुसरी कुठे आणता?

काही गोष्टी वर लिहायला हव्या होत्या, आता लिहिते. हा गोंधळ अचानक सुरू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, दुखत असलं तरी मांजर चिडचिडी होते. हे वाचणाऱ्या कोणाकडे बोका असेल आणि तो ट्रेमध्ये बसून कुंथतोय पण लघवी होत नाहीये, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर नाही. वरच्या मजल्यावर असाल तर गॅलरीला जाळी हवी, कबुतरांसाठीची नायलॉनची मांजर कुरतडू शकते, म्हणून तारेची. आपण कांद्याच्या जिल्ह्यात राहतो, ताटात सगळीकडे कांदा असतो, पण कांदा-लसूण मांजराला विष आहे, रश्शात कुस्करलेली पोळी घालू नका. पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही. आणि तिने चावलं किंवा बोचकारलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टरांना विचारा. तिची रेबीजची लस झालेली असली तरीही.

पडद्यांवर माझ्याकडे उपाय नाही. आम्ही खिडकीच्या चौकटीपुरते आखूड पडदे शिवून घेतले. जाऊबाई म्हणतात हॉलला शोभत नाहीत.