नवरा गाडीत का थांबतो?

प्रिय मैत्रिणी,

तू ठाण्याची कॅथलिक, नवरा मल्याळी ऑर्थोडॉक्स, लग्नानंतर नेरूळला. दर रविवारी त्याच्या चर्चमध्ये कुर्बानाला, म्हणजे त्यांच्या उपासनेला जातेस, पण कम्युनियनच्या (पवित्र भाकर-द्राक्षारस घेण्याच्या) वेळी जागेवरच उभी राहतेस. सासूबाई विचारतात, "सगळे जातात, तू का नाही?" जाऊ का, हा तुझा प्रश्न.

जाऊ नकोस. कॅथलिक कायद्याच्या 844व्या कलमात त्यांच्याकडे कम्युनियन घ्यायला वाव आहे, पण गरज किंवा खरा आध्यात्मिक लाभ असेल आणि आपला फादर गाठणंच अशक्य असेल, तेव्हा. नेरूळमध्ये ती वेळ कुठून येणार? शिवाय त्यांच्याकडे कम्युनियन त्यांच्याच, कन्फेशन (पापांची कबुली) करून उपाशीपोटी आलेल्या माणसांना मिळतं, आणि त्यांचा हा नियम आपण पाळावा असं रोमच्या 1993च्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय. बाकी सगळ्यात मनापासून सामील हो. चपला बाहेर, डोक्यावर पदर. वेदीकडून हातोहात शांती येते, ती जोडलेल्या तळहातांत घे आणि शेजारणीला दे. क्रूसाची खूण तेही आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे करतात, तेव्हा तिथे बिचकू नकोस. शेवटी कैमुत्तच्या, म्हणजे हात चुंबण्याच्या रांगेत जाऊन अच्चनचा, त्यांच्या फादरचा आशीर्वादही घे.

आता तू कंसात टाकलेलं वाक्य. "(मी कधी माझ्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला गेले तर तो गाडीतच थांबतो, त्याला गर्दी आवडत नाही.)"

गर्दी? दर रविवारी तीन तास भरलेल्या चर्चमध्ये उभा राहणारा माणूस हा! ही सबब तू त्याच्या वतीने देतेयस, आणि मला त्याचाच राग आला. आणि त्या वाक्यातलं "कधी" मला जास्त खुपलं. कुर्बानाला गेल्याने तुझं रविवारच्या मिस्साचं कर्तव्य फिटत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. सासूबाईंच्या प्रश्नाने तू कासावीस होतेस, कारण तिथेही कम्युनियन नाही आणि इथेही नाही. तू उपाशी आहेस गं.

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. पॅरिश ऑफिसात वेळ विचारून घे आणि या शनिवारी त्याला आत घेऊन जा. त्याने कम्युनियन घ्यायचं नाही, तू रांगेत जाशील तेव्हा तो बाकावर बसेल, एवढंच. त्याच्या चर्चमध्ये तो पुरुषांच्या बाजूला आणि तू बायकांच्या. इथे तुम्ही एका बाकावर बसाल. रविवारी सासूबाईंनी विचारलं तर सांग, "आई, मी काल संध्याकाळी घेतलं." पुढे काही समजावत बसायची गरज नाही.

तो नाही म्हणाला तर कारण विचार, आणि गर्दीचं नाव काढलं तर ऐकून घेऊ नकोस.