रबरावर काम करायचे असेल तर

चि. विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

पीएचडीसाठी रबराच्या स्थितिस्थापकतेवर प्रयोग करावेत की संगणकावर मॉडेल रचणाऱ्या गटात जावे, असे तू विचारले आहेस. माझे मत सरळ आहे: पहिली दोन वर्षे तरी प्रयोगशाळेत काढ, आणि लेस्ली ट्रेलोअर यांचा १९४४चा शोधनिबंध हाताशी ठेव.

ट्रेलोअर तेव्हा ब्रिटनमधील रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत होते. रबर ताणले की त्यातील वेटोळी रेणुसाखळी सरळ होते, तिची एन्ट्रॉपी (म्हणजे मांडणीतला विस्कळीतपणा) घटते आणि म्हणूनच ते आखडू पाहते, हा सिद्धांत १९३०च्या दशकात कून, गुथ आणि मार्क या शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आला होता. तो कुठवर टिकतो, हे पाहायचे होते. ट्रेलोअर यांनी गंधकाने व्हल्कनाइझ केलेले, म्हणजे गंधकासह तापवून साखळ्या एकमेकींना जोडलेले, एकच रबर एका दिशेने ताणले, त्याचाच पातळ पापुद्रा फुगवून दोन्ही दिशांनी ताणला आणि शुद्ध शीअरमध्येही, म्हणजे रुंदी तशीच राखून एका दिशेने ताणून, तपासला. मध्यम ताणापर्यंत सिद्धांत बऱ्यापैकी जुळला. लांबी पाच-सहा पटींपुढे जाताच मात्र ताणायला लागणाऱ्या बळाचा आलेख झपाट्याने वर चढला, कारण साखळीला ताणले जाण्याची मर्यादा असते. आजही नवे मॉडेल मांडणारे बहुधा हेच आकडे घेतात. (स्वतः मोजण्याचा कंटाळा हेही त्याचे एक कारण असावे, असे मला वाटते.)

या मोजमापात मेख बारीकसारीक गोष्टींत असते. नमुना पकडीतून किंचित सरकतो, म्हणून पकडींमधील अंतर न धरता नमुन्यावर आखलेल्या दोन रेघांमधील अंतर मोजावे लागते. एकदा ताणलेले रबर दुसऱ्या वेळी मऊ लागते. याला मलिन्स परिणाम म्हणतात, आणि कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक भुकटी) घातलेल्या रबरात तो ठळक दिसतो. त्यामुळे कोणता आलेख कितव्या फेरीचा, याची नोंद नसेल तर तो निरुपयोगी.

गणिताची आवड सोडावी लागेल, अशी भीती बाळगू नकोस. रोनाल्ड रिव्हलिन १९४४मध्ये त्याच संस्थेत आले आणि त्यांनी मोठ्या विरूपणाचे, म्हणजे मोठ्या आकारबदलाचे, गणित उभे केले. १९५१मध्ये साँडर्स यांच्यासह ते प्रयोगावर तपासलेही.

खरगपूरच्या आयआयटीत आणि कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेत चौकशी कर. गटप्रमुखांना आधी एवढेच विचार, की नमुने तिथेच व्हल्कनाइझ होतात की बाहेरून तयार येतात. बाहेरून येत असतील, तर सगळ्या चाचण्यांना एकाच बॅचचा माल मिळेल का, हेही विचारून घे.