आर्द्रता पहाटे 90 टक्के आणि दुपारी 65, मग जीव दुपारी का घाबरा होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात मुंबईत पहाटे 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के, दुपारी 33 अंश आणि 65 टक्के. जास्त दमट असलेली पहाट निभावते आणि कमी दमट दुपारी घामाच्या धारा लागतात, हे उलटं कसं?

आकडे बरोबर आहेत. बातमीतला टक्का ‘सापेक्ष आर्द्रते’चा असतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं, त्याच्या किती टक्के बाष्प आत्ता आहे, एवढंच तो सांगतो. आणि हे ‘जास्तीत जास्त’ तापमानाबरोबर झपाट्यानं वाढतं. एक घनमीटर जागेत 10 अंशांना साधारण 9.4 ग्रॅम, 20 ला 17, 30 ला 30 आणि 40 अंशांना 51 ग्रॅम. आता तुमचे आकडे घ्या. 27 अंशांची कमाल जवळपास 25.8 ग्रॅम, तिचे 90 टक्के म्हणजे 23 ग्रॅम. 33 अंशांची कमाल 35.6, तिचे 65 टक्के पुन्हा 23 ग्रॅमच. म्हणजे हवेतलं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत तेवढंच राहिलं. छेद वाढला, म्हणून टक्का उतरला.

मग त्रास दुपारीच का? आपल्या त्वचेचं तापमान 34-35 अंशांच्या आसपास असतं. 27 अंशांची हवा अंगातली उष्णता थेट ओढून घेते. 33 अंशांची हवा जवळजवळ काहीच घेत नाही, मग सगळी भिस्त घाम वाळण्यावर येते. आणि 23 ग्रॅम बाष्प असलेल्या हवेत घाम वाळतो फार सावकाश.

म्हणून माझं मत असं, की दमटपणा मोजायचा तर टक्का बाजूला ठेवून ‘दवबिंदू’ बघावा. आहे ती हवा थंड करत गेलो तर ज्या तापमानाला तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बसू लागतं, तो दवबिंदू. बाष्प तेवढंच असेल तर दिवसभर तो फारसा हलत नाही. दवबिंदू 16 च्या खाली असला की हवा कोरडी वाटते, 21 च्या वर चिकचिक सुरू होते आणि 24 च्या वर पंख्याखालीही बनियन ओलं राहतं. सवयीप्रमाणे यात एखादा अंश इकडेतिकडे.

तोंडी हिशेब सोपा आहे. 100 मधून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला 5 नं भागा, ते तापमानातून वजा करा. पहाटे 27 वजा 2, म्हणजे 25. दुपारी 33 वजा 7, म्हणजे 26. पण आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली असेल तर हा हिशेब साफ फसतो. नागपूरच्या 43 अंश आणि 15 टक्क्यांना तो दवबिंदू 26 दाखवेल, खरा असतो 11 च्या आसपास. विदर्भात कूलर का चालतो आणि मुंबईत का नाही, तेही इथेच कळतं. कूलर हवेत पाणीच भरतो. 11 दवबिंदूच्या हवेत त्याला वाव आहे. 26 दवबिंदूच्या हवेत तो तापमान चारपाच अंशांनी उतरवेल, पण खोलीतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात नेईल.

द्राक्षवाल्यांना याचा रोकडा उपयोग आहे. डिसेंबरात निफाडकडे संध्याकाळी 7 वाजता 20 अंश आणि 55 टक्के असेल, तर दवबिंदू 11. रात्रीचं किमान तापमान 9 सांगितलं असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पानांवर दव पडणार असं धरून चाला. अशा रात्री पान भोवतीच्या हवेपेक्षाही एकदोन अंश जास्त थंड होतं, त्यामुळे किमान 12 वर अडलं तरी दव पडू शकतं. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाला पान ओलं लागतं. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाला तसं ओलं पान लागत नाही, तेव्हा दव नाही म्हणून तिच्याबाबत निर्धास्त राहू नका.

टक्का निरुपयोगी आहे असं मात्र नाही. वस्तू वाळणं, सादळणं, बुरशी धरणं हे टक्क्यावरच ठरतं. पापड, लाकूड, चाळीतला कांदा (त्याला 65 ते 70 टक्के बरे) यांना दवबिंदूशी देणंघेणं नाही.

मोजायचं असेल तर दोन सारखे तापमापक घ्या. आधी दोन्ही कोरडे ठेवून एकच आकडा दाखवतात का ते बघा. मग एकाच्या फुग्याला धुतलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्यात सोडा. पाणी बॅटरीत घालायचं वापरा, नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी कापड कडक होतं आणि पाणी वर चढत नाही. सावलीत पंख्याचा वारा द्या, ओल्याचा पारा उतरायचा थांबला की आधी ओला वाचा, मग कोरडा. कोरडा 32 आणि ओला 26 असेल तर आर्द्रता सुमारे 62 टक्के, दवबिंदू 24. कापड मळकं, अर्धवट वाळलेलं किंवा वारा कमी, यातलं काहीही झालं तरी ओल्याचा पारा पुरेसा उतरत नाही आणि आर्द्रता खऱ्यापेक्षा जास्तच निघते. चूक नेहमी एकाच दिशेला, हे लक्षात असलं की शंका घ्यायला सोपं जातं.

बाजारातल्या स्वस्त डिजिटल मीटरमध्ये पाच टक्क्यांचा फरक सहज असतो. तो मिठानं तपासता येतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच थेंब पाणी घाला, पूर्ण विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, ऊन किंवा पंख्याच्या झोतात नको. मिठाच्या संपृक्त द्रावणावर 20 ते 30 अंशांत हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. मीटर 70 दाखवत असेल, तर पुढे त्या आकड्यांच्या आसपास 5 मिळवून वाचा. 30-40 टक्क्यांच्या कोरड्या हवेत मात्र हीच दुरुस्ती लागू पडेल याची खात्री नसते.