कापसाच्या वेच्यात प्रार्थना-वाचन सुटतं, मग आध्यात्मिक वाढ कशी होणार?

तासभर बसायचा हट्ट सोडा. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की आपल्याकडे कुणालाच तासभर मिळत नाही, पाळकांच्या (पास्टरांच्या) घरीही नाही. बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान घ्या. अध्याय 16च आहेत; रोज एक, तोही अर्धा झाला तरी चालेल. ओलिताची लाईन रात्री येते ना? मोटर सुरू करून धुऱ्यावर (बांधावर) बसलात की मोबाइलवर मराठी बायबल ऐकता येतं. येशूही मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जायचा (मार्क 1:35), आणि तिथंही शिष्य शोधत आलेच! त्यामुळे व्यत्यय आला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

उपासाचं म्हणाल तर उन्हातान्हात राबताना पाणी सोडू नका. एक जेवण सोडा, ती वेळ प्रार्थनेला द्या, आणि गावभर सांगत फिरू नका. मत्तय 6:16-18 मध्ये तेच आहे.

पण माझ्या मते खरी कसोटी वेगळीच आहे. मत्तय 5:23-24 वाचा: भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करायला जा. आपल्याकडे सख्खे भाऊ दोन तासांएवढ्या (नांगराच्या दोन सऱ्यांएवढ्या) धुऱ्यासाठी वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि रविवारी एकाच देवळात (चर्चमध्ये) भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन घेतात. असं काही तुमच्याकडे असेल, तर वाचनाचा तक्ता नंतर आखा. आधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या.