परसबाग, तुमचे प्रश्न: कुंडीत ‘इंडिका’ लावू का?

प्रश्न: मित्राने परदेशातून गांजाच्या दहाएक बिया आणल्यात, पाकिटावर लिहिलंय इंडिका डॉमिनंट, हाय टीएचसी, म्हणजे नशेचं द्रव्य जास्त. मी टेरेसवर सगळं करतो, टोमॅटो, मिरची, ऑर्किड सुद्धा. विकायचं बिलकुल नाही, फक्त बियांपासून एक तगडं झाड वाढवून बघायचंय. गोव्यात एवढं कोण विचारतो? माती आणि खत कुठलं वापरू ते सांगा. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: भाऊ, माती-खताचं मी सांगणार नाही, आणि का नाही ते नीट सांगतो, कारण ‘गोव्यात चालतं’ हा समज खूप जणांचा आहे आणि त्यात पोरं अडकतात. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा गोव्यातही तोच आहे जो बाकी देशात. त्याच्या कलम ८ प्रमाणे परवान्याशिवाय गांजाचं कुठलंही झाड लावायला बंदी, आणि कलम २० खाली लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी अधिक १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लोक ऐकतात की १ किलोपर्यंत गांजा म्हणजे ‘स्मॉल क्वांटिटी’, त्याला शिक्षा कमी, आणि ते खरंच आहे, तिथे वर्षभरापर्यंतची कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो हिशोब जवळ सापडलेल्या मालाचा. झाड लावणं हा वेगळा गुन्हा, तिथे कुंड्या किती, विकणार की नाही, जात इंडिका की सटायवा, हे काही कलमात लिहिलेलं नाही. ‘एकच झाड आहे हो साहेब’ हे वकील शिक्षा कमी करायला वापरेल, तुम्हाला पोलीस स्टेशनात जाण्यापासून ते वाचवणार नाही. आंजुणा, शिवोली, पेडणे भागात भाड्याच्या घरात कुंड्या आणि दिवे लावून गांजा पिकवताना माणसं पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता, त्यातले सगळे काही मोठे डीलर नसतात.

आता बियांचं. कायद्यातली गांजाची व्याख्या म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर त्यात धरत नाहीत. म्हणून मित्र म्हणत असेल ‘बी तर लीगल आहे रे’. पण परदेशातून पेरणीसाठी कुठलंही बियाणं आणायला प्लांट क्वारंटाइनचा आयात परवाना आणि तिथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाणं रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला) लागतं, खिशातून आणलेल्या पाकिटाला ते असणार नाही. आणि बी मातीत गेलं की विषय बियाचा राहतच नाही.

पाकिटावरच्या शब्दांवर पण थोडं बोलू, कारण झाडं वाढवणारा माणूस म्हणून तुम्हाला त्यात जास्त इंटरेस्ट असणार. लिनियसने १७५३ मध्ये सटायवा नाव दिलं, मग लामार्कने १७८५ मध्ये भारतातून गेलेले नमुने बघून इंडिका वेगळी मानली. आज दुकानात इंडिका म्हणून जे चालतं ते मुख्यतः हिंदुकुश-अफगाणिस्तानकडच्या बुटक्या, रुंद पानांच्या झाडांवरून आलेलं, आणि त्यांचे इतके संकर झालेत की लेबलचा आणि आतल्या रसायनाचा मेळ बऱ्याचदा लागत नाही, जनुकीय तपासण्यांतही हेच दिसलंय. इंडिका म्हणजे झोप आणि सटायवा म्हणजे तरतरी, ही दुकानदारांची सोयीची वाटणी आहे. नशा ठरते टीएचसीवर, ते बनतं मादी फुलांवरच्या चिकट बारीक ग्रंथींत, बीमध्ये ते जवळजवळ नसतंच. त्यात संकराचं बी म्हटलं की एकाच पाकिटातली दोन झाडं सारखी निघतील असं नाही, आपण मानकुराद आंब्याचा बाठा लावत नाही, कलम लावतो, ते याचसाठी ना. म्हणजे पाकिटावरचा टक्केवारीचा आकडा ही जाहिरात आहे, तुमच्या टेरेसवर काय उगवेल त्याची हमी नाही.

‘तगडं’ म्हणजे चांगलं असंही नाही. टीएचसी जेवढं जास्त तेवढा घाबरटपणा, संशय, भास होण्याचा धोका जास्त, विशेषतः कमी वयात आणि घरात कुणाला मानसिक आजार असेल तर. स्वतःला किंवा मित्राला असं काही होत असेल तर बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचार रुग्णालय आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर पण चालू असतो, फोन करायला लाजू नका.

बियांपासून काहीतरी अवघड वाढवून दाखवायची खाज असेल (ती मला कळते, मलाही आहे) तर काणकोणची खोला मिरची घ्या. २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालाय. तिकडे ती डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर होते, पाणी साचलं की रोप गेलंच. कुंडीत घ्यायची तर मे अखेरीस ट्रेमध्ये बी टाका, महिन्याभराने रोपं हलवा, कुंडीत वाळू नि जांभ्याचे खडे भरपूर घाला आणि जुलैच्या धुवांधार पावसात वर प्लास्टिक धरा. ते जमलं की हरमल मिरचीला हात घाला, ती पेडण्याची. तिलाही जीआय आहे.

प्रश्न: आमची खोली भाड्याने दिलीय, भाडेकरू पोरं चांगली आहेत पण मागच्या न्हाणीजवळ दोन कुंड्यांत ‘तसलं’ झाड दिसतंय. मी काही न बोलता गप्प राहिले तर चालेल का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: नाही ताई, गप्प राहू नका. याच कायद्यात कलम ४६ आहे, आपल्या जमिनीत असली बेकायदा लागवड दिसली तर जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याने लगेच पोलिसांना कळवायचं, माहीत असून कळवलं नाही तर त्याच्यावर सुद्धा कारवाई. कलम २५ वेगळं, त्यात जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू दिली तर मालकाला धरतात. स्वतः जाऊन झाड उपटून फेकू नका, पोरांशी भांडायला पण नको. आधी वकिलाला एक फोन, मग स्टेशनात लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. भाडेकरूंचा पोलीस फॉर्म भरला होता ना? नसेल भरला तर तेही वकिलाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: ऑनलाइन हेम्प सीड (भांगेच्या बिया) मिळतात, खायला चालतात म्हणे. त्या पेरल्या तर? उत्तराखंडात तर शेतीच करतात! (एक वाचक, फोंडा)

उत्तर: खायला चालतात, एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. कुमाऊंत तर भांगेच्या बियांची चटणी कधीपासून करतात, लिंबू पिळून भाताबरोबर झकास लागते. सोललेल्या असतील तर त्या उगवणारच नाहीत. अख्ख्या असतील आणि तुम्ही पेरल्या, तर वरचंच उत्तर पुन्हा लागू. उत्तराखंडात २०१८ पासून जे चाललंय ते राज्याच्या परवान्यावर, ०.३ टक्क्याच्या खाली टीएचसी असलेल्या जातींचं, धागा आणि बियांसाठी. परवाना द्यायचा अधिकार कायद्याने राज्यांना आहे. गोव्यात २०२० च्या शेवटी औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला होता, बराच गदारोळ झाला आणि तो तिथेच थांबला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर औषधासाठी, सरकारी देखरेखीखाली तो विषय परत उघडायला हरकत नाही, पण मत वेगळं आणि कुंडी वेगळी. दुखण्यासाठी हवं असेल तर वैद्याच्या चिठ्ठीवर विजया म्हणून भांगेच्या पानाची आयुर्वेदिक औषधं मिळतात, ती बघा. स्वतःच्या मनाने मात्र नको.

प्रश्न: मी घाटावरची, लग्न होऊन मडगावला आले. भाजीसाठी अंबाडी लावली तर शेजारचे काका म्हणाले हे गांजाचं झाड आहे, उपटा. आता काय करू? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: काका चुकले पण त्यांना हसू नका, खालची पानं खरंच सारखी दिसतात, म्हणून तर अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे. त्यांना खुर्ची देऊन झाडापाशी बसवा आणि दाखवा. अंबाडीचं पान एकच असतं, आतपर्यंत चिरलेलं, गांजाच्या पानात सुट्या सुट्या पाती एका देठाला जोडलेल्या असतात. पान चुरगाळून वास द्या, गांजाचा उग्र वास लपत नाही, अंबाडीचं तोंडात टाकलं तर आंबट लागतं. तरीही पटलं नाही तर फूल येईपर्यंत थांबा म्हणावं, अंबाडीला भेंडीसारखं मोठं फिकट पिवळं फूल येतं, मध्ये गडद लाल, गांजाची फुलं हिरवी आणि बारीक. आणि एक जुडी खुडून, तांदळाच्या कण्या नि लसणाची फोडणी घालून भाजी करा आणि त्यांच्याकडे वाटीभर पाठवा.