भिडेने घातलेली माळ

प्रिय बाळ,

रामकृष्णहरी.

वडील गेल्यावर गळ्यातली माळ उतरवून ठेवणाऱ्या तुझ्या मित्राला पुण्यात नोकरी तूच मिळवून दिलीस, तो तुझा शब्द मोडणार नाही, आणि म्हणून दिंडीतली वडीलधारी मंडळी तुला म्हणतात की पुन्हा माळ घालण्यासाठी आता त्याला शब्द टाक. तुझी ओढाताण मला समजते. पण तो तुझा शब्द मोडणार नाही, नेमक्या याच कारणासाठी शब्द टाकायचा नाही. भीड घालू नकोस.

माळ म्हणजे एकादशी, मांस-मद्य वर्ज्य आणि दरवर्षीची वारी. हा नेम कोणी पाहत नसतानाही पाळायचा असतो आणि तुझी भीड तिथवर पोहोचत नाही. तुझ्या उपकारापोटी तो माळ घालील, तुझ्यासमोर हरिपाठही म्हणेल. उद्या नोकरी बदलली की दोन्ही सुटेल आणि तुला तोंड दाखवणेही तो टाळू लागेल.

एकनाथांचे स्मरण कर. मुलगा हरिपंडित संस्कृताच्या अभिमानापायी रुसून काशीला गेला, तेव्हा वडीलपणाचा अधिकार नाथांच्या हाती होता. परंपरा सांगते की त्यांनी तो वापरला नाही. मराठीतून पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, या मुलाच्याच अटी मान्य करून ते त्याला पैठणला घेऊन आले. श्रोते कमी झाले तरी नाथांनी अटी पाळल्या. पुढे त्याच हरिपंडितांनी नाथांच्या पादुका पंढरीच्या वारीला नेल्या.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट तुझ्या कानावर आलीच असेल. त्याने वारी सोडली आणि मी थोरला असूनही त्याला कधी ‘चल’ म्हटले नाही. तो गेला, पुन्हा वारीला न येताच गेला, आणि दर आषाढीला ते मला सलते. घरातले आजही म्हणतात की एका शब्दाने तो आला असता. आला असता, हे मलाही ठाऊक आहे. पण तो माझ्यासाठी आला असता, विठ्ठलासाठी नव्हे. जी माणसे मला यासाठी कठोर म्हणतात, त्यांनी धाकाने वारीला आणलेली किती मुले पुढे टिकली, हे त्यांनीच सांगावे.

‘मग मी काहीच करायचे नाही का?’ असे तू विचारतोस. असे मी कुठे म्हटले? त्याच्या खोलीवर जा, वडिलांच्या आजारपणाबद्दल त्याला बोलू दे, आणि तो विठ्ठलाला दोष देऊ लागला तर त्याला अडवू नकोस. जनाबाईंनी विठ्ठलाला खडसावले आहे. आपल्या संप्रदायाला तो राग परका नाही. त्याला उत्तरे द्यायची घाईही करू नकोस, ती तुझ्याजवळ नाहीत आणि माझ्याजवळही नाहीत. नोकरीचा विषय मात्र स्वतःहून काढून त्याला स्पष्ट सांग की त्या मदतीचे कोणतेही देणे त्याच्याकडे उरलेले नाही. हे सांगितल्यावर तो तुझ्यापासून दूर गेला, तरी चालेल. भीड घालू नकोस.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान आहे. त्याच्या आईला यायचे असेल, तर तिचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था तू कर. तिच्यामार्फत त्याला निरोप मात्र पाठवू नकोस. दिंडीतल्या मंडळींना माझे नाव सांग, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझा,
काका