मुंबई ते ऑकलंड: अंतर किती, तास किती
तुम्ही विचारलंय की मुंबई ते ऑकलंड अंतर किती, प्रवासाला किती तास धरायचे आणि कुठून गेलेलं बरं.

सरळ हवाई अंतर साधारण १२,३०० किमी. थेट विमान सध्या नाही. एक थांबा येतोच आणि सगळा फरक त्या थांब्यामुळे पडतो. सिंगापूर जवळपास सरळ वाटेवरच आहे: तिथपर्यंत ३,९०० किमी, पुढे ऑकलंड ८,४००. वळसा नाहीच म्हणा ना. दुबईमार्गे मात्र आधी उलट्या दिशेला १,९०० किमी जायचं आणि मग १४,२०० किमी एका दमात, म्हणजे सुमारे सोळा तास एकाच जागी. लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील, तर तिकीट स्वस्त मिळालं तरी हा मार्ग घेऊ नका.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, मुंबईहून रात्री ११.३० ला निघालात. साडेपाच तासांनी सिंगापूरला उतरलात, तेव्हा तिथे सकाळचे ७.३० झालेले असतील. दोन तास थांबून ९.३० ला पुढचं विमान, पावणेदहा तासांचं. ऑकलंडच्या घड्याळात रात्रीचे ११.१५. वरवर पाहता जवळजवळ चोवीस तास, खरा प्रवास सव्वासतरा. ऑकलंड भारताच्या साडेसहा तास पुढे आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेसात, म्हणजे तेव्हा पोचायला मध्यरात्र उलटते. कोणी घ्यायला येणार असेल, तर त्यांना तारीख नीट सांगा. परतीला उंचावरचे पश्चिमेचे वारे समोरून येतात, म्हणून ऑकलंड–सिंगापूरला तासभर जास्त लागतो.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या, हे मी आग्रहानं सांगतो. वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर सामान सिंगापूरला उतरवून पुन्हा द्यावं लागू शकतं. त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर यायला लागतं आणि भारतीय पासपोर्टवर त्याला व्हिसा लागू शकतो. शिवाय पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर ‘एकेएल’ (ऑकलंड विमानतळाचा कोड) लिहिलंय का ते स्वतः वाचा. ऑस्ट्रेलियामार्गे जात असाल, तर विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो; तो फुकट आहे, पण अर्ज आधी करायचा.

निघण्याआधीच्या २४ तासांत न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरा. फी नाही. त्यात मसाले, लोणचं, लाडू, डाळी, सगळं जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल, तर ती फार तर ठेवून घेतात. लपवलेली सापडली, तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. बुटांच्या तळांना लागलेली माती घरीच ब्रशनं घासून काढा, तीही तपासतात.